पेरभर मलम, दोन तळवे त्वचा

क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमॅझोल. दोन्ही नावं ‘क्लो’नं सुरू होतात, दोन्हींच्या ट्यूब सारख्याच दिसतात, आणि औषधाच्या दुकानात नुसतं ‘खाजेचं मलम द्या’ म्हटलं की यांपैकी कोणतीही हातात पडू शकते. पहिलं सर्वांत तीव्र गटातलं स्टिरॉइड आहे, दुसरं बुरशी मारतं. जांघेतल्या गजकर्णावर दुसऱ्याऐवजी पहिलं लावलं तर दोन दिवसांत खाज थांबते, आठवड्याभरात बरं झाल्यासारखं वाटतं, आणि महिन्याभरात तेच गजकर्ण मांड्यांवर उतरलेलं असतं. कित्येकदा ही दोन्ही औषधं एकाच ट्यूबमध्ये असतात, जोडीला एखादं अँटिबायोटिकही. एका मलमात सगळ्यांवर इलाज, असं वाटून लोक ती घेतात.

दुसरी चूक नेमकी उलट्या बाजूची, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला इसब झालेलं असतं. कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यामागे त्वचा लाल, ओलसर, खाजवून सोललेली. डॉक्टर सौम्य स्टिरॉइड लिहून देतात. घरात कुणीतरी खोक्यावरचं नाव वाचतं, ‘स्टिरॉइड आहे गं, जपून’ म्हणतं, आणि मग तांदळाच्या दाण्याएवढं मलम दोन्ही पायांना पुरवलं जातं, तेही एक दिवसाआड. इसब हटत नाही. मूल रात्रभर खाजवतं, आईवडील जागतात, त्वचा चामड्यासारखी जाड होते, ओरखड्यांतून जंतू शिरतात. जे मलम आठवड्याभरात आपलं काम करून कपाटात गेलं असतं, ते पाच महिने हाताशी राहतं.

म्हणून कोणतं, कुठे, किती आणि कधीपर्यंत, हे चार प्रश्न नीट सोडवून घेऊ. त्याआधी हे औषध करतं काय, ते पाहायला हवं, कारण फायदा आणि नुकसान एकाच कामातून येतात.

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार करतात. मलमातलं स्टिरॉइड त्याच जातीचं असतं. (दंड फुगवायला व्यायामशाळेत काही जण घेतात ती स्टिरॉइड वेगळ्या जातीची. नाव एक, काम वेगळं.) त्वचेवर लावायच्या हायड्रोकॉर्टिसोनचा पहिला यशस्वी वापर १९५२ साली नोंदवला गेला, म्हणजे हे औषध सत्तर वर्षांहून जुनं आहे आणि त्याचे गुणदोष चांगले माहीत आहेत. ते पेशीत शिरतं, तिच्या केंद्रकापर्यंत पोचतं आणि दाह पेटवणारी रसायनं तयार करण्याचं काम थांबवतं. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लाली उतरते, खाज शमते. ही आकसण्याची खूण इतकी भरवशाची आहे की स्टिरॉइड किती तीव्र, हे ठरवण्यासाठी निरोगी त्वचा त्यानं किती पांढरी पडते हे मोजण्याची चाचणी १९६२ पासून वापरात आहे.

पण ‘थांबा’ हा हुकूम दाहाच्या पेशींपुरता राहत नाही. त्वचेला जाडी आणि ताण देणारं कोलॅजन ज्या पेशी बनवतात, त्यांनाही तो ऐकू जातो. बुरशी, जंतू, विषाणू यांच्याशी लढणाऱ्या पेशींनाही जातो. थोडे दिवस कुणाचं काही बिघडत नाही. तीव्र औषध महिनोन्महिने लागलं की त्वचा कागदासारखी पातळ होते, खालच्या शिरा दिसू लागतात, जांघेत आणि काखेत गरोदरपणात पोटावर पडतात तसे पट्टे उमटतात. बाकीचं बरंचसं भरून येतं, पट्टे मात्र फिकट झाले तरी जात नाहीत.

आता कोणतं. ट्यूब हातात घ्या आणि मोठ्या अक्षरांतल्या नावाखालचं बारीक अक्षरांतलं नाव वाचा. टक्क्यांवरून अंदाज बांधू नका, तिथेच फसायला होतं. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य औषध आहे आणि ०.०५ टक्के क्लोबेटासोल त्याच्या शेकडो पट तीव्र. जोर रेणूच्या घडणीत असतो, टक्केवारी फक्त मलमात तो किती मिसळला ते सांगते. सौम्य गटात हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का आणि डेसोनाइड. मध्यम गटात क्लोबेटासोन ब्युटिरेट. तीव्र गटात बीटामेथासोन व्हॅलरेट ०.१ टक्का आणि मोमेटासोन ०.१ टक्का; आणि अगदी वरच्या पायरीवर क्लोबेटासोल व हॅलोबेटासोल, दोन्ही ०.०५ टक्के. क्लोबेटासोन आणि क्लोबेटासोल यांत शेवटच्या अक्षराचाच फरक आहे, पण पायऱ्या दोन.

नावाची शेपटी ओळखायला शिकलात तरी पुष्कळ काम होतं. ‘सोन’, ‘सोल’, ‘लोन’, ‘नाइड’ अशी शेपटी बहुतेक वेळा स्टिरॉइडची. ‘झोल’ किंवा ‘फिन’ असेल तर बुरशीविरोधी. ‘मायसिन’ असेल तर अँटिबायोटिक. एकाच ट्यूबवर तिन्ही शेपट्या दिसल्या, तर ते मलम डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नका. २०१८ साली केंद्र सरकारनं त्वचेवर लावायच्या चौदा स्टिरॉइडांची चिठ्ठीशिवाय विकण्याची सवलत काढून ती शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची आहेत. खोक्यावर तसा इशारा छापलेला असतो. तरीही ती सहज मिळतात, म्हणून वाचायची सवय आपणच लावून घ्यायची. आणि ज्या डबीवर घटक छापलेलेच नाहीत, ‘जडीबुटीचं आहे, काही होत नाही’ असं सांगून जी दिली जाते, आणि जी लावल्यावर दुसऱ्याच दिवशी जादू दिसते, तिच्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्यावी.

कुठे लावायचं, हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. त्वचा सगळीकडे सारखी नसते. हाताच्या पुढच्या भागातून, मनगट ते कोपर, जितकं हायड्रोकॉर्टिसोन आत जातं त्याला १ मानलं, तर तळपायातून त्याचा सातवा हिस्सा जातो, कपाळातून सुमारे ६ पट, जबड्याच्या कडेनं १३ पट आणि अंडकोशाच्या त्वचेतून ४० पटींहून जास्त. १९६७ साली मोजलेले हे आकडे आजही वाटाड्यासारखे उपयोगी पडतात. टाचेच्या जाड, भेगाळलेल्या इसबाला तीव्र मलम लागतं, कारण सौम्य तिथे पोचतच नाही. तेच तीव्र मलम चेहऱ्यावर, जांघेत, काखेत किंवा स्तनाखालच्या घडीत लावलं तर काही आठवड्यांत त्वचा बिघडू शकते. पापण्यांवर तर डॉक्टरांनी मुद्दाम लिहून दिल्याशिवाय कोणतंच नको. डोळ्याभोवती दीर्घकाळ वापर झाला तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूचाही धोका असतो. बाळाचं डायपर प्लास्टिकच्या आच्छादनासारखं काम करतं, त्याखाली औषध कितीतरी जास्त शोषलं जातं.

आता किती. चिठ्ठीवर ‘पातळ थर लावा’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि पातळ म्हणजे काय हे प्रत्येकाचं वेगळं. यासाठी जगभर एक साधं माप वापरतात, आणि मराठीत त्याला आयता शब्द आहे: पेर. मोठ्या माणसाच्या तर्जनीचं टोकाचं पेर घ्या. शेवटच्या सांध्याच्या रेषेपासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ५ मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून मलमाची एक सलग वळी पिळा. हे झालं एक पेर, सुमारे अर्धा ग्रॅम. एवढं मलम बोटांसकट दोन तळव्यांनी झाकता येईल इतक्या त्वचेला पुरतं. चट्ट्यावर हात ठेवून पाहा: एका तळव्याएवढा असेल तर अर्धं पेर, चार तळव्यांएवढा असेल तर दोन.

मोठ्या माणसाच्या एका पंजाला, दोन्ही बाजूंनी, एक पेर. पंजा सोडून अख्ख्या हाताला तीन, पावलाला दोन, पायाला सहा, चेहरा आणि मानेला मिळून अडीच, छाती-पोटाला सात, पाठ आणि नितंबांना सात. लहान मुलांसाठीही बोट मोठ्या माणसाचंच धरायचं, पेरं कमी करायची: एक-दोन वर्षांच्या मुलाच्या हाताला पंजासकट दीड, पायाला पावलासकट दोन, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला तेच दोन आणि तीन. वरच्या मुलाच्या दोन्ही पायांवर सगळीकडे इसब असेल, तर एका वेळेला सहा पेरं, म्हणजे ३ ग्रॅम मलम लागेल. तांदळाचा दाणा कुठे आणि हे कुठे! चट्टे घडीपुरतेच असतील तर अर्थात कमी.

हिशेब दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतो. पाठभर इसब असेल तर एका वेळेला साडेतीन ग्रॅम लागतात, म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब चार दिवसांत संपते, आणि त्यात काही चुकीचं नाही. उलट तळव्याएवढ्या एका चट्ट्याला दिवसातून एकदा लावलं तर तीच ट्यूब दोन महिने पुरेल. दोन महिने तर लावायचंच नसतं, म्हणजे ट्यूब उरणार. ही उरलेली ट्यूब मला सगळ्यांत धोक्याची वाटते. ती फ्रिजच्या दारात जाऊन बसते, मग वहिनीच्या गालावरच्या वांगासाठी, भाच्याच्या मुरुमांसाठी, आजोबांच्या नायट्यासाठी बाहेर निघते. उपचार संपला की ती काढून टाका.

सगळ्यांत तीव्र पायरीसाठी मर्यादा आकड्यात लक्षात ठेवा. क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही, आणि मोठ्या माणसालाही आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर कधीच नाही. रोज २ ग्रॅम, म्हणजे अवघी चार पेरं, एवढ्यानंही काही रुग्णांत शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल कमी झाल्याचं आढळलेलं आहे.

लावण्याची रीत अशी. कोमट पाण्यानं पाच-दहा मिनिटांत अंघोळ उरका, अंग टॉवेलनं टिपा, घासू नका. त्वचा किंचित ओलसर असतानाच सगळ्या अंगाला मॉइश्चरायझर लावा. पंधरा-वीस मिनिटं थांबा, म्हणजे ते मुरेल आणि औषध त्यात पातळ होऊन निरोगी त्वचेवर पसरणार नाही. मग मोजलेल्या मलमाचे ठिपके चट्ट्यावर ठेवा आणि केसांच्या दिशेनं हलक्या हातानं पसरवा. चोळायचं नाही. त्वचेवर पुसटशी चकाकी राहिली की प्रमाण बरोबर. हात धुवा, हातावरच इसब असेल तर धुतलेलं औषध वाया, एवढं ध्यानात ठेवा. तीव्र मलमांना दिवसातून एकदा बहुतेक वेळा पुरतं. मॉइश्चरायझर मात्र जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा. वरून पट्टी किंवा प्लास्टिक सांगितल्याशिवाय गुंडाळू नका.

आपल्या नागपूरच्या हवेचा इथे संबंध येतो. ऑइंटमेंट म्हणजे व्हॅसलीनसारखं चिकट मलम, ते ओलावा धरून ठेवतं आणि औषध खोल पोचवतं. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत, जाड झालेल्या, भेगा पडलेल्या त्वचेला तेच चांगलं. पण मेअखेरीच्या नवतपाच्या दिवसांत, पारा ४५ च्या आसपास असताना, तेच मलम घामाखाली केसांची मुळं बुजवतं आणि पुळ्या येतात. तेव्हा क्रीम मागून घ्या. ओलं, पाझरणारं इसब असेल तरी क्रीम. डोक्याच्या केसांत लोशन. उन्हाळ्यात ट्यूब स्कूटरच्या डिकीत किंवा उभ्या गाडीत ठेवू नका, तिथल्या उष्णतेत मलम फुटतं, तेल आणि पाणी वेगळं होतं. तोंडातून पाण्याचा थेंब आधी आला तर ती ट्यूब गेली.

कधीपर्यंत, यात सर्वाधिक गोंधळ होतो, आणि त्याचं एक कारण आपला रंग आहे. पुस्तकांतलं ‘लालसर’ आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर जांभळट, तपकिरी किंवा नुसतं काळपट दिसतं. म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. डोळे मिटून चट्ट्यावर आणि शेजारच्या निरोगी त्वचेवर बोट फिरवा. खाज सगळ्यांत आधी थांबते, दोन-तीन दिवसांतच, आणि इथे थांबलात तर इसब आठवड्यात परत येतं. बोटाला खरखर, जाडी, उंचवटा लागतोय तोवर दाह शिल्लक आहे. दोन्ही जागा सारख्या गुळगुळीत लागल्या की थांबायचं. सौम्य-मध्यम मलमाला याला बहुधा एक-दोन आठवडे लागतात.

आणि मग मागे उरतो काळा डाग. हा डाग म्हणजे दाह नव्हे, दाहानं त्वचेत सोडलेलं रंगद्रव्य आहे. तो महिनोन्महिने टिकतो आणि आपोआप विरतो. स्टिरॉइडनं तो जात नाही, पण ‘डाग अजून आहे’ म्हणून लोक मलम लावत राहतात, आणि मग डागाभोवतीची त्वचा पातळ आणि पांढुरकी होते. बोट गुळगुळीत सांगत असेल, तर डाग दिसला तरी ट्यूब बंद.

ज्यांचं इसब ठरावीक जागी पुन्हा पुन्हा उठतं, त्यांना डॉक्टर बरं झाल्यावरही आठवड्यातून दोन दिवस त्याच जागी मलम लावायला सांगतात. हे ठरवून केलेलं आहे, चूक नव्हे. चेहरा, मान, पापण्या यांसाठी टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नसलेलं मलम असतं. ते त्वचा पातळ करत नाही, मात्र पहिले काही दिवस आग होते. ती सोसवेल की नाही याची चिंता करून पहिल्याच दिवशी सोडू नका.

आता गजकर्ण, म्हणजेच नायटा, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. गोल चट्टा, कडा उंच आणि खपलीदार, मध्यभाग बरा होत आलेला: ही बुरशी. जागाही ओळखीच्या: जांघ, परकराची नाडी जिथे बांधतो ती कंबर, घट्ट जीन्सखालची मांडी, काख. दिवसभर घाम आणि रात्रभर कूलरची दमट हवा, बुरशीला आणखी काय हवं! यावर स्टिरॉइड लागलं की लढणाऱ्या पेशी गप्प होतात. लाली आणि खाज ही त्या लढाईचीच खूण होती, ती जाते. बुरशी मात्र निवांत वाढते. कडा पुसट होतात, एका वर्तुळात दुसरं वर्तुळ दिसू लागतं, आणि मग डॉक्टरांनाही नुसतं पाहून ओळखणं अवघड जातं. त्यातच देशभर टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाला न जुमानणारी बुरशी पसरली आहे, त्यामुळे पूर्वी दोन-चार आठवड्यांत जाणारा नायटा आता कित्येकदा महिने घेतो. शंका असेल तर कडेची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. स्वस्त तपासणी आहे, फार वेळही लागत नाही. खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत असेल आणि घरात दोघा-तिघांना असेल, तर खरूज समजा. तिथेही स्टिरॉइड फक्त पडदा टाकतं.

चेहऱ्याबद्दल कळकळीनं सांगावंसं वाटतं. उजळ दिसण्यासाठी म्हणून जी क्रीम मुली एकमेकींना सुचवतात, त्यांतल्या काहींत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टिरॉइड असं त्रिकूट असतं. वांगावर थोडे आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचं ते औषध. रोज पावडरसारखं लावलं की पहिल्या महिन्यात चेहरा खरंच उजळतो. पुढे पुळ्या, लव, बारीक लाल शिरा, उन्हात गेलं की आग. आणि मग लावणं थांबवलं की दोन-चार दिवसांत चेहरा लालबुंद होऊन जळतो, म्हणून ती मुलगी पुन्हा लावते. या चक्राला भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी स्टिरॉइडनं बिघडलेला चेहरा असं स्वतंत्र नावच दिलं आहे. यातून सुटका होते. आठवडे-महिने लागतात, डॉक्टर औषधाची पायरी हळूहळू उतरवतात. यात त्या मुलीचा दोष काढत बसू नका, तिला मलमात काय आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

योग्य मलम, योग्य पेरं, तरी दोन आठवड्यांत फरक नाही, तर ‘अजून तीव्र द्या’ म्हणण्याआधी कारण शोधा. पावसानंतर लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत माजतं. ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांच्या पापण्या, मान, कोपराच्या घड्या त्या हवेनंच पेटतात. गवत दारात असेपर्यंत मलम हरत राहणार. नकली दागिन्यातलं निकेल, टिकलीचा डिंक, केसांचा कलप, भांड्यांचा साबण यांचंही तेच. चट्ट्यावर पिवळी खपली, पू किंवा ताप असेल तर आधी जंतुसंसर्ग बघायला हवा. अचानक उठलेले, दुखणारे, एकसारखे बारीक फोड दिसले तर त्याच दिवशी दाखवा, तो नागिणीसारखा विषाणू असू शकतो. गरोदर असाल तर सौम्य-मध्यम मलम सहसा चालतं, पण तीव्र मलमाचा मोठा वापर चालू असेल तर तो डॉक्टरांना कळलाच पाहिजे.

मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत जा, नाहीतर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, पण जाताना आजवर लावलेली प्रत्येक ट्यूब पिशवीत टाका, रिकामी असली तरी. चट्ट्याचा सुरुवातीचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर शोधून ठेवा. आणि दोन आकडे सांगा: ट्यूब किती ग्रॅमची होती, आणि किती दिवसांत संपली.